टॉवर फुल, ४जी पण दिसतंय, तरी पैसे जाईनात: एका खानावळीचं प्रकरण

मालवण तालुक्यात समुद्रापासून जरा आत माझ्या मामीची खानावळ आहे, सोबत दोन-तीन खोल्या होमस्टेला. पुढे चिऱ्याचं जुनं घर, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जेवणाची टेबलं. तक्रार अशी की संध्याकाळी साडेसात-आठनंतर गिऱ्हाईक जेवून उठलं, क्यूआर स्कॅन केला की फोनवर चक्र फिरत बसतं. वर बघावं तर टॉवर फुल, शेजारी ४जी लिहिलेलं. पैसे कटले की नाही कळत नाही, काउंटरवरचा, पैसे आले की बोलणारा डबा गप्प, गिऱ्हाईक म्हणतं गेले, मामी म्हणते आले नाहीत, आणि मागे अजून चार जण हात धुवून उभे. मग पाच-दहा मिनिटांनी, ते गिऱ्हाईक गाडी काढून निघालं की डबा बोलतो. मामीचा प्रश्न एकच, "रेंज फुल आसा मां, मगे ह्या कित्याक चालणा नाय?"

मी पूर्वी ड्राइव्ह टेस्टचं काम करायचो, म्हणजे गाडीत लॅपटॉप आणि तीन-चार फोन टाकून रस्तोरस्ती सिग्नल मोजत फिरायचं आणि रात्री रिपोर्ट पाठवायचा, त्यामुळे घरातल्या कुठल्याही फोनचं काहीही बिघडलं की ते माझ्याकडेच येतं. यावेळी गणपतीला गेलो तेव्हा म्हटलं एकदा नीट मोजूनच टाकू, कारण तोपर्यंत घरात प्रत्येकाची आपापली थिअरी तयार होती. मामाच्या मते फोन जुना झाला म्हणून होतं, म्हणून त्याने चांगले पंधरा-सोळा हजार घालून ५जी फोन घेतला होता, फरक शून्य. आजीच्या मते पावसाने. मामेभावाच्या मते कंपनी चोर. शेजारच्या दुकानदाराचं म्हणणं की टॉवर आणि शेड यांच्या मधे फणस आलाय, तो तोडा. फणस वाचला हे आधीच सांगून टाकतो.

शेवटी निघालं काय तर चार वेगवेगळे आजार एकमेकांवर बसलेले, आणि चारही वेळा फोनच्या वरच्या पट्टीतलं चित्र जवळजवळ सारखंच.

आधी त्या पट्टीचंच बघू

वरच्या पट्टीत नेटवर्कच्या दोन खुणा असतात आणि लोक त्या एकच समजून वाचतात. दांड्या सांगतात टॉवरचा सिग्नल तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. शेजारचं अक्षर सांगतं की फोन त्या टॉवरशी कुठल्या पिढीच्या तंत्राने बोलतोय. स्पीड किती मिळणार हे यातलं कोणीच सांगत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे कारण आपण दांड्या बघून स्पीडचा अंदाज बांधतो.

अक्षरांचं थोडक्यात. जी आलं म्हणजे जीपीआरएस, प्रत्यक्षात तीस-चाळीस केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट, एमबीपीएस त्याच्या हजारपट), म्हणजे नसल्यातच जमा. ई म्हणजे एज, कागदावर ३८४ केबीपीएसपर्यंत जातं पण गावात शे-दीडशे मिळाले तर नशीब. ३जी, एच, एच प्लस ही सगळी तिसऱ्या पिढीची भावंडं, एचला कागदावर ७.२ किंवा १४.४ एमबीपीएस, एच प्लसला २१ किंवा ४२. मग ४जी, काही फोन त्यालाच एलटीई लिहितात, फरक काही नाही, फोनवाल्याची मर्जी. ४जी प्लस दिसलं तर फोन एकाच वेळी दोन किंवा जास्त बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, जोडून वापरू शकतोय. व्होएलटीई लिहिलेलं असेल तर कॉलसुद्धा ४जीवरूनच जातोय, याचं महत्त्व पुढे कळेल. आर म्हणजे रोमिंग. दांड्यांशेजारी उद्गारचिन्ह किंवा बारीक फुली आली तर फोन टॉवरला जोडलेला आहे पण त्यापुढे इंटरनेट मिळत नाहीये. आणि बारीक दोन बाण असतात, वर आणि खाली, ते डेटा जातोय-येतोय ते दाखवतात. मामीच्या फोनवर संध्याकाळी वरचा बाण लुकलुकत राहायचा आणि खालचा मेल्यासारखा, म्हणजे फोन मागतोय पण परत काही येत नाहीये. हे बाण कोणी बघत नाही पण दांड्यांपेक्षा ते जास्त खरं बोलतात असं माझं मत आहे.

दांड्यांचं दुखणं असं की त्या किती डीबीएमला किती दाखवायच्या याचा कुठलाही जागतिक नियम नाही. डीबीएम म्हणजे सिग्नलची खरी ताकद, ४जीत तिला आरएसआरपी म्हणतात, आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ८० म्हणजे झकास, उणे १०० म्हणजे चालवून घ्यावं असं, उणे ११५ च्या पुढे गेलं की रडारड. आणि हा आकडा साधा नाही, दहाने घसरला की ताकद दहा पटीने कमी होते, म्हणजे उणे ९० आणि उणे ११० यांच्यात शंभर पटीचा फरक, पण पट्टीवर फक्त दोन दांड्या कमी होतात. अँड्रॉइडमध्ये ४जीसाठी मूळ हिशोब उणे १२८, ११८, १०८ आणि ९८ असा आहे, म्हणजे उणे ९८ च्या वर गेलं की चारही दांड्या भरल्या. फोनवाले आणि सिमवाले हे आकडे बदलू शकतात. एवढंच नाही, अँड्रॉइडच्या पोटात सिम कंपनीसाठी अशीही एक सोय ठेवलेली आहे की ती लावली की एक दांडी जास्तच दिसते. २०१० मध्ये आयफोन ४ हातात विशिष्ट पद्धतीने धरला की सिग्नल पडतो म्हणून बोंबाबोंब झाली होती तेव्हा खुद्द अ‍ॅपलने जाहीर पत्रात मान्य केलं होतं की दांड्या काढायचं आमचं सूत्रच साफ चुकीचं होतं, बऱ्याच ठिकाणी दोन दांड्या जास्त दिसत होत्या. अक्षरांचीही तीच कथा, अमेरिकेत एटीअँडटीने २०१९ मध्ये ४जीच असलेल्या फोनांवर ५जी ई अशी खूण दाखवायला सुरुवात केली होती, नंतर तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेने ते नाव वापरू नका म्हणून सांगितलं. तर मुद्दा असा की ती पट्टी म्हणजे मीटर नाही, ते कोणीतरी ठरवून काढलेलं चित्र आहे.

म्हणून दांड्या सोडल्या आणि आकडा बघितला

आकडा बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अबाउट फोन, तिथे सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये लिहिलेली असते. बऱ्याच फोनांवर *#*#४६३६#*#* डायल केलं की चाचणीचं पान उघडतं, त्यात आरएसआरपीशेजारी आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा, तो पण दिसतो. सॅमसंगला *#००११#, आयफोनला *३००१#१२३४५#* आणि मग कॉलचं बटण. नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप टाकलं की फोन सध्या कुठल्या बँडवर आहे तेही कळतं. स्पीडसाठी ट्रायचं मायस्पीड नावाचं अ‍ॅप आहे, नाहीतर नेहमीची स्पीडटेस्ट, पण त्यात फक्त मोठा आकडा बघू नका, खालचा अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) पण बघा, यूपीआयला तेच लागतं.

शेडमध्ये काउंटरपाशी, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेआठला: आरएसआरपी उणे ९३. म्हणजे दांड्या फुल, आणि खरोखरच फुल, चित्रात काही खोटं नाही. डाउनलोड ०.६ एमबीपीएस, अपलोड ०.१ च्या आसपास लटकत, पिंग कधी सातशे कधी हजाराच्या वर. भारतात ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी २ एमबीपीएस लागतात, २०२३ मध्ये ती मर्यादा ५१२ केबीपीएसवरून वाढवली, म्हणजे सरकारी व्याख्येत हे ब्रॉडबँडच नव्हे. आता तीच जागा, तोच फोन, तेच सिम, सकाळी सहाला सगळे झोपलेले असताना: आरएसआरपी उणे ९२, डाउनलोड १८ एमबीपीएस, पिंग पन्नासच्या खाली. दांड्या जशाच्या तशा.

इथेच फणस, पाऊस, जुना फोन या तिन्ही थिअरी निकालात निघाल्या. फणस सकाळीही तिथेच होता. पावसाचं म्हणाल तर आपण वापरतो त्या मोबाईल बँडवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो, पाऊस त्रास देतो तो टॉवर-टॉवरच्या मधल्या मायक्रोवेव्ह लिंकला किंवा टॉवरची लाईट जाऊन बॅटरी उतरते तेव्हा. बदलत होती ती फक्त एक गोष्ट, गर्दी. आणि गर्दी पकडायला आरएसआरक्यू कामाला येतं, सकाळी ते उणे ९ होतं, संध्याकाळी उणे १६. सिग्नलचा जोर तेवढाच, पण टॉवर इतका भरलेला की त्या जोराचा दर्जा पडला.

गणपतीत कोकणात काय होतं ते सांगायला नको. ज्या वाडीत एरवी म्हाताऱ्या माणसांचे दोन-तीन डझन फोन, तिथे मुंबई-पुण्याहून चाकरमानी उतरले की प्रत्येक घरात दहा-दहा फोन, आणि सगळे आरतीनंतर एकाच वेळी व्हिडिओ पाठवणार. टॉवरला ते स्वप्नात पण दिसलेलं नसतं. गणपतीतल्या एसटीसारखं आहे ते, गाडी स्टँडवर लागलेली दिसते, पाटी पण आपल्याच गावाची, पण आत पाय ठेवायला जागा नाही. दांड्या म्हणजे गाडी लागली, ४जी म्हणजे पाटी बरोबर, जागा मिळते का ते दोघांनाही माहीत नाही.

पण मग दुसरा प्रश्न आला, तो मला जास्त आवडला. जेवण झाल्यावर हात धुवायला अंगणात, फणसाखालीच, आलेलं एक गिऱ्हाईक तिथूनच ओरडलं की हे बघा माझं झालं पेमेंट. मी जाऊन मोजलं. अंगणात दांड्या दोनच, आरएसआरपी उणे ११०. आणि डाउनलोड १४ एमबीपीएस. भर गर्दीच्या वेळी. चार दांड्यांना ०.६ आणि दोन दांड्यांना १४.

कमी दांड्यांना जास्त स्पीड कसा

याचं उत्तर बँडमध्ये आहे. एकाच टॉवरवर कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी लावते. आपल्याकडे ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे, १८००, २१००, २३००, २५०० हे वरचे. खालचा बँड लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, म्हणून घरात, शेडमध्ये त्याच्या दांड्या फुल. पण तो बहुतेकवेळा अरुंद असतो, कंपनीकडे तिथे ५ किंवा १० मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी असते. ५ मेगाहर्ट्झच्या ४जीतून नेहमीच्या दोन अँटेनांच्या फोनला सगळं आदर्श असेल तर जेमतेम ३५-३७ एमबीपीएस निघतात, आणि ते एकट्याला नाही, त्या दिशेला त्या बँडवर असलेल्या सगळ्या फोनांना मिळून. वरच्या बँडला २० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टी मिळते, तिथे तोच हिशोब १५० पर्यंत जातो, पण त्याला चिऱ्याची भिंत आणि पत्रा झेपत नाही. पत्रा तर लहरी परतच फेकतो, आणि चिरा हा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेला, तो अजून जास्त खातो.

म्हणजे झालं असं की शेडमधले, घरांमधले, वाडीतले सगळे फोन बिचारे खालच्या बँडवर येऊन पडले, कारण आत तोच पोचतो. अंगणात आलं की वरचा बँड ऐकू येतो, दांड्या कमी दिसतात कारण तो जात्याच क्षीण पोचतो, पण त्यावर गर्दी कमी आणि पट्टी रुंद. नेटमॉन्स्टरवर शेडच्या दारातून दोन पावलं बाहेर टाकली की बँड बदलताना डोळ्यांनी दिसत होता. मामीला मी काही समजावलं नाही, फक्त दोन फोन दिले हातात आणि म्हटलं एक घेऊन आत जा एक घेऊन बाहेर. ती म्हणाली, "म्हणजे कमी दांडे बरे?" नेहमी नाही, मामी. उणे ११८ च्या खाली गेलं तर बाहेरही बोंब.

अजून एक गोष्ट दांड्या लपवतात. त्या फक्त टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल मोजतात. उलट दिशेला, फोनकडून टॉवरकडे काय पोचतंय याचा त्यांना पत्ता नसतो. टॉवर प्रत्येक दिशेला दहा-दहा वॅटच्या हिशोबात फेकतो, ४जी फोनची कमाल ताकद २३ डीबीएम म्हणजे फक्त ०.२ वॅट. त्यामुळे कडेच्या जागी टॉवर फोनला ऐकू येतो पण फोन टॉवरला नाही, आणि पैसे पाठवणं म्हणजे सगळं पाठवण्याचंच काम. फोन मग पूर्ण ताकद लावून ओरडत राहतो, गरम होतो आणि बॅटरी दुपारीच बसते. कोपऱ्यातल्या खोलीत राहणारे पाहुणे चार्जर मागायला सारखे येतात त्याचंही कारण हेच होतं, तिथे उणे ११७ च्या आसपास होतं.

कॉल आला की नेट गायब

हा दुसरा आजार, आणि हा गर्दीशी अजिबात संबंधित नव्हता. मामीचा फोन डबल सिमचा. जुना नंबर पहिल्या सिमवर, तो बोर्डावर आणि कार्डांवर छापलेला, बुकिंगचे फोन त्यावरच. डेटा दुसऱ्या सिमवर कारण तिथे रिचार्ज स्वस्त. पैसे आल्याचा मेसेज बघायचं अ‍ॅप त्याच फोनवर. आता अशा बहुतेक डबल सिम फोनात एका सिमवर कॉल चालू असला की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. सीझनमध्ये मामीच्या कानाला फोन चिकटलेलाच, "हो हो, सुरमई आसा, किती माणसा?" आणि तेवढ्या वेळात समोरच्याचे पैसे आले तरी तिला दिसणार कुठून.

वर पहिल्या सिमवर व्होएलटीई बंद होतं. कोणीतरी कधीतरी बंद केलेलं. व्होएलटीई बंद असेल तर कॉल घ्यायला फोन ४जी सोडून खाली उतरतो. पूर्वी खाली ३जी होतं, म्हणजे कॉलवर असताना पण एच दिसायचं आणि नेट थोडंफार चालायचं. पण एअरटेलने २०२० पर्यंत ३जी गुंडाळलं, व्हीआयनेही बऱ्याच ठिकाणी त्या लहरी ४जीला वळवल्या, जिओकडे तर पहिल्यापासून २जी-३जी नाहीच, ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच फक्त ४जीवर. त्यामुळे आता मधली पायरीच काढून टाकलेली आहे, ४जीवरून घसरलं की थेट ई. गावात लोक म्हणतात हल्ली नेट पूर्वीपेक्षा जास्त झटके देतं, ते उगाच म्हणत नाहीत.

उपाय फुकटचा होता. सेटिंगमध्ये जाऊन व्होएलटीई चालू केलं, आणि ‘कॉल चालू असताना डेटा दुसऱ्या सिमवर वळवा’ अशा अर्थाचा पर्याय चालू केला, पहिल्या सिमवर पण छोटा डेटा पॅक असतोच. आता कॉल चालू असताना मेसेज येतो. चार आजारांपैकी हा एक पाच मिनिटांत गेला आणि खरं सांगायचं तर दिवसाच्या वेळच्या निम्म्या तक्रारी यानेच गेल्या.

तिसरं म्हणजे मामेभाऊ. त्याचा अभ्यास चालू असतो आणि अभ्यास मामीच्या हॉटस्पॉटवर चालतो. रोजचा दीड जीबी संध्याकाळी सातच्या आत खलास. तो संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं, आणि दांड्या फुल, ४जी लिहिलेलं, काहीही बदलत नाही. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट, एक एमबीचा फोटो उघडायला दोन मिनिटं. यूपीआयचा खरा व्यवहार काही केबींचाच असतो, पण अ‍ॅप उघडल्या उघडल्या आधी बॅनर, कॅशबॅकची कार्डं, सोन्यात गुंतवा वगैरे सगळं खेचत बसतं आणि तुमचा व्यवहार त्या रांगेत मागे. बिट आणि बाइटचा हा घोळ इतरत्रही नडतो बरं का, स्पीडटेस्ट ८ एमबीपीएस दाखवते आणि फाईल उतरताना सेकंदाला १ एमबी दिसतं, लोक म्हणतात कंपनीने फसवलं, तिथे मात्र फसवलेलं नसतं. मामेभावाने स्वतःचं रिचार्ज स्वतः करायचं ठरलं, त्यावर जे काय झालं ते घरगुती आहे.

५जीवाला पाहुणा

मामाच्या नव्या फोनवर शेडमध्ये ४जीच यायचं, पण अंगणात मधूनच ५जी उगवायचं, आणि पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याच्या फोनवर तर खोलीत बसून ५जी. दोघंही म्हणाले की ५जी दाखवतंय तरी रडतंय. भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा दोन पद्धतीने झालं. जिओने स्वतंत्र म्हणजे एसए, एअरटेलने सुरुवातीला एनएसए, यात ५जी हे ४जीच्या खांद्यावर बसलेलं असतं, आधी फोन ४जीला जोडला जातो आणि लागेल तेव्हा ५जीची जोड मिळते. या पद्धतीत ४जीचा टॉवर "माझ्याकडे ५जी आहे" अशी पाटी सगळ्यांना दाखवत असतो आणि काही फोन ती पाटी वाचूनच ५जी लिहून मोकळे होतात, प्रत्यक्ष ५जी तेव्हा जोडलेलं असो वा नसो. कुठल्या क्षणी ५जी लिहायचं याचे ए, बी, सी, डी असे चार पर्याय उद्योगवाल्यांनीच चर्चेत ठेवले होते, कोणी सैल घेतला कोणी कडक. पाहुण्याच्या फोनवर चाचणीचं पान उघडलं तर ५जीची जोड नव्हतीच, तो त्याच भरलेल्या खालच्या बँडवर बसलेला होता. त्याला सांगितलं की सेटिंगमध्ये ५जी बंद करून ४जीवर ठेव, निदान बॅटरी टिकेल. त्याने ऐकलं नाही. पैसे दिलेत ना ५जीचे.

चौथा आजार बोलणाऱ्या डब्याचा, आणि तो सगळ्यात सोपा. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं, मामीच्या फोनचा आणि त्याचा काही संबंध नाही. तो ठेवलेला कुठे, तर काउंटरच्या खालच्या फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या मागे, चोरीला जाऊ नये म्हणून. उचलून दाराजवळच्या खांबावर ठोकला. लगेच सुधारला असं नाही, गर्दीच्या वेळी अजूनही दम खातो, पण दहा मिनिटांनी बोलायचा तो आता अर्ध्या-एक मिनिटात बोलतो.

राहिली गर्दी, तिला आपण काय करणार. तरी एक केलं. आधी दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर जवळ कुठे कुणाचे टॉवर आहेत ते बघितलं, मग माळ्याच्या टॉवरकडच्या खिडकीत जुना फोन ठेवून हॉटस्पॉट चालू केला आणि मोजलं, तिथे वरचा बँड उणे ९९ मिळाला, संध्याकाळीही २० च्या आसपास. पण फोन सतत चार्जिंगला लावून कौलाखालच्या उकाड्यात ठेवणं म्हणजे बॅटरी फुगवायचा धंदा, म्हणून तो प्रयोगापुरताच. नंतर सिम टाकायचा साधा ४जी राउटर आणला, बाहेर अँटेना जोडता येते असा, तो त्या खिडकीत बसवला आणि तिथून वाय-फाय शेडमध्ये आणलं. सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते जाहिरात बघून नाही, तीन पाहुण्यांचे फोन संध्याकाळी साडेआठला त्या खिडकीत धरून ठरवलं, हे करा असं सगळ्यांनाच सांगेन, कारण सकाळी घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नसतो. वाय-फायचा पासवर्ड आता क्यूआरच्या खालीच चिकटवलाय. शिवाय वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत पण कॉल लागायला लागले, दांडी एकही नसताना.

कुडाळहून एकजण बूस्टर बसवून देतो म्हणून मागे लागला होता, पाच-सहा हजारात. बाजारात सर्रास मिळतात पण परवान्याशिवाय असला बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो स्वस्तातला डबा टॉवरच्या कानात गोंगाट करून अख्ख्या वाडीचं नेट पाडू शकतो. आणि मुळात इथे तो करणार काय होता? दांड्या आधीच फुल होत्या.

कंपनीकडे तक्रार केली ती पण "नेट स्लो आहे" अशी नाही केली. तशी केली की ठरलेलं उत्तर येतं, फोन बंद करून चालू करा, एपीएन रिसेट करा. आम्ही लिहिलं की अमुक जागी सकाळी सहाला आरएसआरपी उणे ९२, आरएसआरक्यू उणे ९, १८ एमबीपीएस, आणि संध्याकाळी साडेआठला उणे ९३, उणे १६, ०.६ एमबीपीएस, म्हणजे कव्हरेजचा प्रश्न नसून कपॅसिटीचा आहे, सोबत सेल आयडी (टॉवरच्या त्या भागाचा नंबर) आणि स्क्रीनशॉट. आधी नेहमीचंच उत्तर आलं. डॉकेट म्हणजे तक्रारीचा नंबर धरून अपिलात गेलो तेव्हा कोणीतरी ते खरंच वाचलं असावं, कारण एका इंजिनीअरचा फोन आला आणि त्याने पहिलाच प्रश्न विचारला की कुठल्या सेक्टरला आहात. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिशेला वरच्या बँडचा अजून एक कॅरिअर, म्हणजे अजून एक पट्टी, लावायचा प्रस्ताव आहे, कधी ते तो सांगू शकला नाही. दिवाळीपर्यंत तरी लागलेला नव्हता. मे महिन्यात पर्यटक आले की मामी पुन्हा साडेआठचा आकडा घेणार आहे, *#*#४६३६#*#* तिला आता पाठ आहे.